तिजोरीकडे पाठ

१

दिवाळीआधीचे आठ दिवस मी सोलापूरभर तिजोऱ्यांना तेल घालत फिरायचो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिजोरीचं दार कुरकुरलेलं कुणालाच चालत नाही. त्यामुळे वर्षभर ओळख न दाखवणारी माणसंसुद्धा त्या आठवड्यात निरोप पाठवून बोलावून घ्यायची. सायकलच्या कॅरिअरला पिशवी, पिशवीत शिलाई मशीनच्या तेलाची कुपी, कोंबडीचं पीस, दोन कानशी, किल्ल्यांचा जुडगा आणि दुपारची भाकरी. गिरणीच्या सकाळच्या भोंग्याला घर सोडायचं आणि संध्याकाळच्या भोंग्याला शुक्रवार पेठेत परत यायचं, असा माझा क्रम होता.

आमच्या स्वतःच्या घरी लक्ष्मीपूजन नव्हतं. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उचलला आणि त्या जागी बुद्धाचं कॅलेंडर आलं. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. लोकांनी आपापल्या तिजोरीला हळदकुंकू लावावं, मी तेल लावायचो आणि मजुरी घेऊन निघायचो.

हे काम मला उस्तादांनी शिकवलं. गिरणीच्या वर्कशॉपात ते फिटर होते आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांनी मला दोन नियम घालून दिले. कुलूप सुटलं की मूठ मालकाच्या हातात द्यायची आणि पाठ फिरवायची, हा पहिला. ‘अंदर क्या है सो तेरेकू क्या करना?’ असं ते म्हणायचे. दुसरा नियम असा, की रिकामी तिजोरी कधी बंद करायची नाही. सुपारी, ज्वारीचे चार दाणे, घरातलं काहीतरी आत टाकायचं आणि मगच किल्ली फिरवायची. का, म्हणून विचारलं तर उस्ताद विडी पेटवायचे. पहिला नियम मी समजून पाळला, दुसरा नुसत्या सवयीनं.

वर्षानुवर्षं पाठ फिरवून उभं राहिलं की कान तयार होतात. भरलेल्या तिजोरीचं दार उघडताना आवाज आतल्या आत दबतो. रिकामीचा घुमतो. मी नावं सांगणार नाही, पण गावातल्या दोन बड्या असामींच्या तिजोऱ्या ढोलासारख्या वाजायच्या आणि बाहेर त्यांच्या मोटारींना लोक वाकून नमस्कार करायचे. मला तेव्हा हसू यायचं.

२

अण्णारावांच्या बंगल्यावर मी पहिल्यांदा गेलो ते एकाहत्तर साली. रेल्वे लाइन्सच्या बाजूला त्यांचं घर होतं आणि चादरीचे दोन कारखाने होते. घर माणसांनी गजबजलेलं. दोन मुलगे, थोरल्याची बायको, स्वयंपाकघरात कानडीतून मोठमोठ्यानं बोलणाऱ्या गौरम्मा, म्हणजे अण्णारावांच्या मंडळी. मधल्या बिनखिडकीच्या खोलीत दोन तिजोऱ्या होत्या. एक हिरवी, माणसाच्या उंचीची. दुसरी काळी, जुनी, कमरेएवढी, कोपऱ्यात.

त्या घरात माझी कपबशी खिडकीच्या कट्ट्यावर वेगळी ठेवलेली असायची. कारण सांगायला नको. पण त्या दिवशी धाकट्या मुलानं, असेल वीसेक वर्षांचा, घरातला तांब्या आणला आणि सरळ माझ्या हातात दिला. वर शेजारी उकिडवा बसून ‘लिव्हर कसा उचलतोय, दाखवा की,’ म्हणाला. अशी माणसं लक्षात राहतात.

दुसऱ्या वर्षी दुष्काळ होता. सगळा जिल्हा रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन खडी फोडत होता, आणि अण्णारावांनी त्याच वर्षी तिसरा कारखाना घेतला. मी काम संपवलं, हात पुसले आणि अण्णारावांना सहज विचारलं, “धाकटे मालक न्हाईत व्हय आज?”

“कोन धाकटे?”

“तुमचे धाकटे चिरंजीव. गेल्या साली हितंच बसलेले की माझ्यापाशी.”

अण्णाराव हसले. त्या हसण्यात लपवाछपवी नव्हती. “मला एकच पोरगा हाय, यशवंता. ऊन लागलं काय तुला?”

मी गौरम्मांकडे पाहिलं. त्या उंबऱ्यात पदर धरून उभ्या होत्या. एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवत नाही म्हणून बाई थबकते, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग आत काहीतरी उतू जायला लागलं आणि त्या वळून निघून गेल्या.

मी स्वतःला समजावलं की आठवड्याभरात आपण चाळीस घरं करतो, कुठल्या तरी दुसऱ्या घरचा मुलगा असेल. एवढ्यात अण्णारावांनी काळ्या तिजोरीची मूठ ओढली आणि मी नियमाप्रमाणे पाठ फिरवली. मानेला ऊन हवा लागली. तिजोरीतून लोखंडाचा, डांबरगोळ्यांचा, जुन्या कागदांचा वास येतो. हिच्यातून खोबरेल तेलाचा आणि अंथरुणाचा वास आला. माणसं नुकतीच उठून गेली आहेत अशा खोलीला येतो तसा. भिंतीपलीकडे चूल असणार, असं मी मनाशी म्हणालो. ती भिंत देवघराची होती हे मला माहीत होतं.

३

त्र्याहत्तरला गेलो तेव्हा बंगल्याला चार खोल्या वाढल्या होत्या आणि दारातल्या चपला कमी झाल्या होत्या. दोनच जोड. थोरल्या मुलाचं आणि सुनेचं नाव मी काढलंच नाही. काढलं असतं तर काय उत्तर मिळेल, याचा अंदाज होता आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

नव्या खोल्या सामानानं भरलेल्या होत्या. न उलगडलेल्या चादरींच्या थप्प्या, तीन रेडिओ, गवतात गुंडाळलेली काचेची झुंबरं, एकावर एक ठेवलेल्या खुर्च्या. बसायला कुणी नव्हतं. कारखान्यातल्या मागांची खटखट तिथपर्यंत ऐकू यायची, पण घरात भांड्याचासुद्धा आवाज नव्हता.

अण्णाराव मला कामापेक्षा जास्त वेळ बसवून घ्यायला लागले होते. बोलायला माणूस हवं असायचं. कारखान्यातलं कुणी तोंडावर बोलत नसे, माझं काय, मी वर्षातून एकदा येणार.

“लोक म्हनत्यात अण्णाराव आता लई झालं,” ते म्हणाले. “लई झालं म्हंजे किती रे? तू गावातल्या समद्या तिजोऱ्या बघतोस.”

“मी बघत न्हाय मालक. पाठ असती माझी.”

“बरं, ऐकतोस. कुनाला लई झालेलं ऐकलंस का कवा?”

मी विचार केला आणि नाही म्हणालो. खरंच ऐकलं नव्हतं. काठोकाठ भरलेली तिजोरीसुद्धा कधी भरलेली वाटत नाही, मालक कागद दाबून दाबून जागा करतच असतो.

“मग?” ते खूश झाले. “माझीबी अजून भरली न्हाय बघ.”

मी काळीचं कुलूप सोडलं, मूठ त्यांच्या हातात दिली आणि पाठ फिरवली. तोंड दाराकडे झालं तर गौरम्मा समोर उभ्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, माझ्या खांद्यावरून तिजोरीत पाहत होत्या. ओठ हलत होते. “साकु,” त्या म्हणत होत्या, “साकु, साकु.” कानडी मला कामापुरती येते. जेवणाऱ्या माणसानं ताटावर आडवा हात धरून म्हणायचा तो शब्द आहे, पुरे.

घरी येऊन मी हे मीनाला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, “म्हातारीचं डोस्कं फिरलं असंल. एवढ्या मोठ्या घरात एकली बाई.” मलाही ते पटलं. पटवून घ्यायला काय लागतं?

४

पंच्याहत्तरमध्ये आणीबाणी लागली. बड्या घरांवर धाडी पडायला लागल्या आणि सोलापुरात माझ्यासारख्या माणसाला एकदम भाव आला. कुणाला चोरकप्पा करून हवा, कुणाला तिजोरी भिंतीत बसवून हवी. दिवाळीला अजून अवकाश होता तरी अण्णारावांचा निरोप आला.

ते व्हरांड्यात एकटे बसले होते. मी आत नजर टाकली. “अक्का कुटं हाईत?”

“कोन अक्का?”

“गौराक्का. तुमच्या मंडळी.”

“माझं लगीन झालंय कुटं, यशवंता?” ते अगदी साधेपणानं म्हणाले. “कामाच्या नादात ऱ्हाऊनच गेलं बघ ते.”

अंगणात दोरीवर हिरवं इरकल वाळत घातलं होतं. पदरातून पाणी ठिबकत होतं, खालची फरशी ओली होती. मी बघतोय म्हणून तेही वळून बघायला लागले. “कुनी घातलंय हे हितं? गडी मान्सं लई शेफारलीत,” ते म्हणाले. मग बराच वेळ ते त्या लुगड्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. का, ते त्यांना कळत नव्हतं. पंच्यानं डोळे पुसून त्यांनी हाताकडे पाहिलं, हात ओला कसा झाला म्हणून.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

“ती काळी तू घेऊन जा,” अण्णाराव म्हणाले. “फुकाट. हमालीबी मी देतो. सुरुवात हिच्यातनंच झाली. आता हिच्यात ठेवावं असं माझ्याजवळ काय ऱ्हायलं न्हाय.”

धाडीच्या भीतीनं जुनी तिजोरी घराबाहेर काढतोय, असा अर्थ कुणीही लावला असता. मीही तोच लावला. पण इथं खोटं बोलण्यात आता काही अर्थ नाही. मला कळलं होतं. कसं आणि काय ते सांगता आलं नसतं, पण चार माणसं आणि त्या घराची भरभराट यांचा एकमेकांशी संबंध आहे एवढं मला त्या ओल्या फरशीवर उभं असताना कळलं होतं. तरीही मी हो म्हणालो.

गरिबी होती म्हणून, असंही म्हणता येणार नाही. दोन खोल्या होत्या, मीना काटकसरीनं चालवायची, पोरगी शाळेत जात होती, कुणी उपाशी झोपत नव्हतं. मला फक्त कंटाळा आला होता. वीस वर्षं दुसऱ्याच्या तिजोरीकडे पाठ करून उभं राहण्याचा, खिडकीतल्या कपबशीचा. आपल्याही घरी कुणीतरी येऊन आपल्या तिजोरीकडे पाठ करून उभं राहावं, असं मला फार मनापासून वाटत होतं.

५

हातगाडीवरून तिजोरी आमच्या गल्लीत आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चार हमालांनी ती आतल्या खोलीत ठेवली. गल्लीतली पोरं खिडकीला लटकली होती. नागू शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि तिजोरीवरून हात फिरवला.

नागू माझी मुलगी. नऊ वर्षांची. माझ्या आईचं नाव नागूबाई, तेच हिला ठेवलं होतं. एकुलती. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि काही सांगितलं की एका शब्दात ऐकणारी.

मी बिजागऱ्यांना तेल दिलं, लिव्हर साफ केले, किल्ली चारदा फिरवून पाहिली. आता बंद करायची तर आत काहीतरी हवं. मी खिसे चाचपले. विडीची थोटकं आणि काड्यापेटी. मीना चुलीपाशी होती, तिला हाक मारायला मला लाज वाटली. देव्हारा उचललेल्या घरात तिजोरीला सुपारी मागणार कोणत्या तोंडानं?

“काय शोधताय दादा?” नागूनं विचारलं.

“काय न्हाय गं. आत कायतरी टाकायचं. रिकामी लावायची नसती.”

तिनं एका वेणीची रिबीन सोडली. “ह्ये ठिवू?”

चुलीपाशी जाऊन दोन ज्वारीचे दाणे आणायला दहा पावलं पुरली असती. मी म्हणालो, “ठेव.” तिनं घडी करून रिबीन कप्प्यात ठेवली आणि मी किल्ली फिरवली.

तीन दिवसांनी मी दार उघडलं तेही सवयीनं पाठ करूनच. स्वतःच्या तिजोरीकडे पाठ करून उभा राहिलो म्हणून माझं मलाच हसू आलं. तसाच मागे हात घातला. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं, जड आणि कोमट. रिबीन लागली नाही.

चोरकप्पा, मी म्हणालो. जुन्या तिजोऱ्यांत असतोच, कुठलातरी लिव्हर घसरला आणि अण्णारावांनी लपवलेलं सोनं खाली आलं. म्हणजे ते परत करायला हवं. मी ते परत केलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा हात घातला तर पुन्हा तेवढंच जड, तेवढंच कोमट.

६

मग मला दिवस चांगले आले. नव्या पेठेत दुकान झालं, दोन बँकांच्या तिजोऱ्यांचं काम मिळालं, सायकल जाऊन राजदूत आली. मीनाच्या गळ्यात बोरमाळ आली, हातात पाटल्या आल्या. गल्लीतली पडकी जागा घेऊन मी दुमजली घर बांधायला काढलं. ज्यांच्या घरी कट्ट्यावरच्या कपात चहा प्यायलो, त्यांतले एकदोघे दुकानात येऊन ‘यशवंतराव’ म्हणायला लागले. ते ऐकायला गोड लागायचं. उगाच साधूपणा कशाला दाखवू?

पहिल्यांदा नागूच म्हणाली. “दादा, बाईंनी आज हजेरीला माझं नाव घेतलं न्हाय.”

“इसरल्या असतील.”

“काल बी घेतलं न्हाय.”

मग एक दिवस मीनानं जेवायला दोनच ताटं घेतली. नागू भिंतीपाशी पाटावर बसलेली. “अगं बया, ध्यान कुटं हाय माझं,” म्हणत मीनानं तिसरं आणलं. महिन्याभरानं तसंच झालं, तेव्हा मलाच मीनाला सांगावं लागलं. आणखी काही दिवसांनी सांगितल्यावर तिनं ताट आणलं खरं, पण ठेवायचं कुठं ते तिला चटकन कळेना. ती ताट हातात घेऊन खोलीत बघत उभी राहिली. नागूनं उठून ते तिच्या हातातून घेतलं.

“आईला मी दिसत न्हाय व्हय?” तिनं मला हळूच विचारलं.

“दिसतीस की. कामाचं लई झालंय तिला.”

तिनं मान डोलावली. तिला माझं पटत असे.

मी त्याच दिवशी तिजोरी हातगाडीवर घालून तलावात ढकलायला हवी होती. तसं मी ठरवलंही. पण सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. मोठ्या खटपटीनं मिळालेल्या गोण्या दारात पडून होत्या, त्या दगड होऊन गेल्या असत्या. मजुरांना सांगून ठेवलं होतं. स्लॅब पडू दे, मी मनाशी म्हणालो, स्लॅब पडला की तिजोरी गेलीच म्हणून समज. आठ दिवसांचा तर प्रश्न होता.

मी ते आठ दिवस मागून घेतले. कुणाकडे मागितले, कोण जाणे.

स्लॅबच्या दिवशी सकाळी शिडीवरून घमेली वर जात होती, मुकादम ओरडत होता. नागू गल्लीच्या तोंडाशी उभी होती, शाळेच्या कपड्यांत. घमेली घेऊन बाया तिच्या इतक्या जवळून जात होत्या की ती अंग आक्रसून घेत होती. एकीनंही तिला ‘बाजूला सर’ म्हटलं नाही. तिनं माझ्याकडे बघून हात वर केला. माल कालवलेला असला की मध्ये थांबता येत नाही. मीही वरूनच हात केला.

७

चार वाजता स्लॅब पुरा झाला. मजुरांना बुंदी वाटली आणि उरलेली परात घेऊन मी घरात आलो. मीना चहा गाळत होती.

“नागू कुटं हाय?”

“कोन?”

“नागू गं. आपली नागू.”

तिनं गाळणी खाली ठेवली आणि काळजीनं माझ्या कपाळाला हात लावला. “अवो, आत्याबाईंना जाऊन बारा वर्सं झाली. आज घर झालं म्हून आठवन आली व्हय त्यांची?” तिचे डोळे भरून आले होते. माझ्या आईसाठी.

मी आत गेलो. दप्तर नव्हतं. पाट दोनच होते. भिंतीवर तिची उंची मोजायला मी दरसाल खिळ्यानं रेघ ओढायचो, तिथला चुना सारखा होता. मी किल्ली लावली आणि उस्तादांचा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला. तिजोरीकडे तोंड करून दार उघडलं.

जे पाहिलं ते एवढंच. कप्पे नव्हते. आत खोली होती, आमच्या भिंतीच्या जाडीपेक्षा, गल्लीपेक्षाही खोल. उजेड कुठून येत होता ते कळलं नाही. आत माणसं उभी होती. सगळ्यांची माझ्याकडे पाठ होती. हात पुढे बांधून, मान किंचित खाली घालून, मी लोकांच्या घरी उभा राहतो तशी अदबीनं उभी होती. मी काय घेतोय ते आपल्याला दिसू नये म्हणून. एक हिरवं इरकल होतं, काठ अजून ओला. एक वीसेक वर्षांचा पोरगा. मागची ओळखता येत नव्हती, पण ती संपत नव्हती. आणि सगळ्यांत पुढं, हात लांबवला असता तर लागली असती इतक्या जवळ, दोन वेण्या. एकीला रिबीन होती. एक सुटली होती.

“नागू,” मी म्हणालो.

तिची मान हलली. ती वळायला लागली. गाल दिसला, कानातलं दिसलं.

आणि मी पाठ फिरवली.

मी विचार करून फिरवली नाही. पण वीस वर्षांची सवय होती एवढंच सांगून सुटताही येत नाही. तिच्या चेहऱ्यावर काय असेल ते बघायचं धाडस मला झालं नाही, हे खरं. पुन्हा वळलो तेव्हा लोखंडी कप्पे होते आणि ते गच्च भरलेले होते.

८

त्यानंतर मी दार नेहमी समोरूनच उघडत आलो. कप्पेच दिसले. मी हाका मारल्या, रडलो, तिजोरीवर हातोडी घातली, तिला ओरखडाही गेला नाही. विहाराला देणगी दिली, पोरींसाठी वसतिगृह बांधून दिलं. जितकं देत गेलो तितकं दुप्पट येत गेलं. तिजोरी टाकून देणं तर आता शक्यच नव्हतं. नागू जिथं आहे ते मी तलावात कसं टाकू?

मीना सुखी आहे. आम्हाला मूलच झालं नाही असं तिला वाटतं. एवढी एक गोष्ट सोडली तर काय कमी आहे आपल्याला, असं ती आल्यागेल्याला सांगते. सांगताना कधीकधी तिचा हात हवेत, कमरेच्या उंचीवर, कुणाच्यातरी डोक्यावर ठेवल्यासारखा थांबतो. मग ती पदर सारखा करते. ते बघितलं की मी उठून दुसरीकडे जातो.

अठ्ठ्याहत्तर साली रेल्वे लाइन्सकडचे अण्णारावांचे तीन कारखाने विक्रीला निघाले. मालकाला वारस नव्हता, म्हणे. मालक कोण होता, तेही गावात कुणाला नीट सांगता येईना. व्यवहार माझ्याशी ठरला. सकाळी अकराची वेळ. नव्या घराच्या पुढच्या बैठकीत वकील, दलाल, दोन साक्षीदार अशी मंडळी बसली होती, मीना चहा देत होती. मुद्रांकाचे कागद आणायला मी आतल्या खोलीत गेलो आणि तिजोरी उघडली.

कागदांना हात घातला आणि कप्प्यांच्या मागून आवाज आला. हळू, पण स्पष्ट. बाहेर पाहुणे असले की ती तशीच बोलायची.

“दादा.”

मी तिथंच राहिलो.

“दादा, मी येऊ का भाईर?”

आवाज नऊ वर्षांचाच होता. ती बाहेर आली की काय काय आत जाईल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. घर, दुकान, बाहेरची माणसं, यशवंतराव. दोन खोल्या, सायकल आणि नागू राहील. मी दोन वर्षं याच एका क्षणासाठी रडत होतो. मला फक्त ‘ये’ म्हणायचं होतं. एक अक्षर.

बाहेरून वकिलांनी हाक दिली, “यशवंतराव, सापडले का कागद?”

मी कप्प्याला तोंड लावलं. मीना ऐकेल म्हणून आवाज खाली घेतला. आणि घराघरांतून बाप लेकरांना रोज सांगतात, तेच तिला सांगितलं.

“मान्सं बसलीत गं भाईर. जरा थांब की.”

मी कागद उचलले.

“बरं,” ती म्हणाली.

शहाणी पोर होती. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.